परक्या शहरात मेंदू रात्रभर कानोसा घेत राहतो

रात्री पावणेचारला खालच्या गल्लीत एक ट्रक यायचा. आधी मागे येतानाची पीं-पीं, मग ब्रेकचा फुसकारा, आणि मग रिकाम्या काचेच्या बाटल्यांचा भलामोठा डबा एका दमात उपडा केल्याचा आवाज. कामानिमित्त परदेशातल्या एका गजबजलेल्या शहरात मी तीन आठवडे राहिले, त्या खोलीतली ही गोष्ट. पहिल्या रात्री मी ताडकन उठून बसले. काळीज धडधडत होतं आणि आपण कुठे आहोत हे कळायलाच काही क्षण गेले. चौथ्या-पाचव्या रात्री ट्रक ऐकू आला, पण कूस बदलली आणि पुन्हा डोळा लागला. तिसऱ्या आठवड्यात तो येऊन गेला की नाही, हे सकाळी मला सांगता आलं नसतं.

ट्रक तोच होता, बाटल्या त्याच, आवाजही तेवढाच. मग पहिल्या रात्री जो आवाज अंगावर आला, तो तिसऱ्या आठवड्यात कुठे गेला? याचं उत्तर समजलं तर परक्या शहरात झोपायचं कसं, हेही बऱ्यापैकी समजतं.

देवडीवरचा पहारेकरी

झोपल्यावर डोळे मिटतात, कान उघडेच राहतात. पडद्यावर लाट आदळते, आतल्या शंखासारख्या भागात तिचे विद्युत संदेश होतात आणि ते मेंदूकडे निघतात. जागेपणी हे जसं होतं तसंच झोपेतही होतं. फरक पडतो तो पुढे. मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाचा भाग आहे. कानाकडून आलेली बातमी मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोचायची तर तिला या देवडीतून जावं लागतं. गाढ झोपेत इथला पहारेकरी बहुतेक बातम्या दारातूनच माघारी पाठवतो.

हा पहारा चाललेला आलेखावर दिसतोसुद्धा. डोक्याला तारा लावून झोपलेल्या माणसाच्या मेंदूचा आलेख काढला, की त्यात मधूनच अर्धा-एक सेकंद टिकणारा, सेकंदाला ११ ते १५ हेलकाव्यांचा थरथरता पट्टा उमटतो. मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, सूत कातायच्या चातीसारखा. म्हणून त्याचं नाव स्पिंडल. २०१० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी काही जणांना आधी शांत खोलीत झोपवलं, मग पुढच्या रात्री त्यांना रहदारी, फोन, विमान असे आवाज ऐकवले. शांत रात्री ज्यांच्या आलेखात या चात्या जास्त होत्या, ते गोंगाटातही जास्त टिकून झोपले. एकाच खोलीत एक जण घोरत पडतो आणि दुसरा टक्क जागा राहतो, त्यामागे हे एक कारण आहे. जागा राहणाऱ्याला ‘तू फार मनाला लावून घेतोस’ असं म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

पण पहारेकरी सगळ्यांनाच परत पाठवत नाही. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कजवळ टक्सीडो पार्कमधल्या आपल्या खासगी प्रयोगशाळेत आल्फ्रेड लूमिस यांनी झोपेचे आलेख काढले. झोपलेल्या माणसाजवळ आवाज केला की आलेखावर एक मोठी, एकटी लाट उसळायची. तिला आज के-कॉम्प्लेक्स म्हणतात. १९६० मध्ये इयान ऑस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या लोकांना नावांची लांबलचक यादी ऐकवली. बाकीच्या नावांपेक्षा स्वतःचं नाव आलं की ही लाट जास्त वेळा उठायची. म्हणजे झोपेत मेंदू आवाज नुसता ऐकत नाही, तो ओळखतो. ‘हे माझ्या कामाचं आहे का?’ असं विचारतो. ढगांच्या गडगडाटात झोपून राहिलेली आई बाळाच्या चुळबुळीने जागी होते ती याच कारणाने.

आता हाच पहारेकरी परक्या शहरात नेऊन उभा करा. घरी त्याच्याकडे ओळखीच्यांची यादी आहे: हा शेजारचा दरवाजा, ही पाण्याची मोटर, हा कोपऱ्यावरचा कुत्रा. इथे यादी कोरी आहे. लिफ्टचा दरवाजा असा आपटतो हे त्याला ठाऊक नाही. चौकातला पादचाऱ्यांचा सिग्नल रात्रभर टकटक करतो हेही नाही. मग प्रत्येक आवाज तो आत, साहेबांकडे पाठवतो.

पहिली रात्र

जागा बदलली की झोप लागत नाही, असं आपण सहज म्हणतो. झोपेचा अभ्यास करणाऱ्यांनाही हे फार पूर्वीपासून माहीत आहे. प्रयोगशाळेत झोपवलेल्या माणसाची पहिली रात्र ते अनेकदा हिशोबातच धरत नाहीत. पण असं का होतं, याचा नेमका धागा २०१६ मध्ये हाती आला. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या गटाने पाहिलं, की नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेच्या संथ लाटा मेंदूच्या दोन्ही बाजूंना सारख्या नव्हत्या. डाव्या गोलार्धातलं एक जाळं उजव्याइतकं गाढ झोपत नव्हतं. त्यांनी झोपलेल्यांच्या कानात हलके आवाज सोडले. उजव्या कानातले, म्हणजे मुख्यतः डाव्या गोलार्धाकडे जाणारे अनोळखी आवाज माणसाला जास्त वेळा जागं करत. काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा झोपवलं तेव्हा हा फरक गेला होता.

डॉल्फिन मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून झोपतात. माणूस तितका पुढे जात नाही, पण अनोळखी जागी एक बाजू जरा सावध ठेवतो. मला हे वाचून फार दिलासा मिळाला. पहिल्या रात्रीची अर्धवट झोप म्हणजे काही बिघडलं आहे असं नाही. शरीर एक फार जुनं काम नेटाने करत असतं. म्हणून महत्त्वाची बैठक, परीक्षा किंवा लांबचा प्रवास पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. एक रात्र मधे सोडा. तेवढी सोय नसेल तर निदान ‘आज झोप आलीच पाहिजे’ हा हट्ट सोडा. त्या हट्टानेच पहारेकरी आणखी सावध होतो.

किती मोठा, यापेक्षा किती वेगळा

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि हे माप सरळ रेषेत चढत नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते, कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितलं, की झोपायच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा आणि मधूनच होणारा एखादा आवाज ४५ च्या वर जाऊ नये. ३० म्हणजे कुजबुज. मोठ्या रस्त्यावरच्या खोलीत हे गाठणं अवघड आहे.

पण झोप मोडायला आकडा एकटा जबाबदार नसतो. २००५ मध्ये अतिदक्षता विभागातल्या आवाजांवर एक छोटा पण डोळे उघडणारा अभ्यास झाला. तिथला गोंगाट ध्वनिमुद्रित करून काही जणांना झोपेत ऐकवला, तेव्हा ते पुन्हा पुन्हा जागे झाले. मग त्याच गोंगाटात एकसारखा सळसळता आवाज मिसळला. एकूण आवाज वाढला, तरी जाग येणं कमी झालं. कारण मेंदूला टोचतो तो उंचवटा. खोलीत मुळात २५ डेसिबलची शांतता असेल तर ५५ चा हॉर्न तिच्यातून डोंगरासारखा वर येतो. मुळातली पातळी ४५ असेल तर तोच हॉर्न टेकाडाएवढा राहतो. सामसूम गल्लीत फटफटीने जाग येते आणि धावत्या गाडीत माणूस गाढ झोपतो, ते यामुळे.

उंचवट्याचा आकारही महत्त्वाचा. जवळ येणारा, वाढत जाणारा आवाज आपल्याला लांब जाणाऱ्या आवाजापेक्षा अधिक झपाट्याने बदलतोय असं वाटतं. १९९८ मध्ये जॉन न्यूहॉफ यांनी हे प्रयोगाने दाखवलं. वाढत जाणारा आवाज म्हणजे काहीतरी आपल्याकडे येतंय, आणि मेंदू तिथे चूक करायची तर सावधपणाच्या बाजूने करतो. रुग्णवाहिकेचा सायरन तर मुद्दामच वर-खाली होणारा ठेवलेला असतो, म्हणजे कोणालाही त्याची सवय होऊ नये. रस्त्यावरच्या माणसांसाठी ती योजना योग्यच आहे, पण चौथ्या मजल्यावर झोपलेल्यालाही ती तितकीच लागू पडते. त्यात परक्या देशातला सायरन वेगळ्याच सुराचा. एक साधा उपाय मी करते: पहिल्या संध्याकाळी खिडकी उघडून दहा मिनिटं नुसती उभी राहते आणि कुठला आवाज कशाचा आहे ते बघून घेते. ही ट्राम, हा सिग्नल, हे त्या दुकानाचं शटर. पहारेकऱ्याच्या कोऱ्या यादीत पाच-सहा नावं लिहून झालेली असतात.

साखरझोप कच्ची असते

रात्रीची झोप सगळीकडे सारख्या खोलीची नसते. साधारण दीड तासाचं एक आवर्तन, अशी चार-पाच होतात. सर्वांत गाढ झोप पहिल्या एक तृतीयांश रात्रीत येऊन जाते. पहाटेकडे झोप उथळ होते, स्वप्नं वाढतात. साखरझोप गोड लागते खरी, पण ती चटकन मोडते. आणि नेमक्या त्याच वेळी शहर कामाला लागतं: कचऱ्याच्या गाड्या, माल उतरवणारे टेम्पो, रस्ते धुणारी यंत्रं. दिवसा रस्ते मोकळे नसतात, म्हणून ही कामं रात्री ढकलली जातात. ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनपूर्व ४५ च्या सुमारास ज्युलियस सीझरच्या काळातल्या कायद्याने रोम शहरात दिवसा बहुतेक गाड्यांना बंदी घातली. रस्ते मोकळे झाले आणि दगडी फरशीवरून लाकडी चाकांचा खडखडाट रात्रीवर आला.

इथे एक गफलत हमखास होते. लांबचा प्रवास करून पोचलेला माणूस पहाटे तीनला जागा होतो, तेवढ्यात खाली एखादी गाडी जाते आणि दोष गाडीच्या माथी बसतो. खरं तर जागं केलेलं असतं शरीरातल्या घड्याळाने. ते अजून जुन्या देशाची वेळ दाखवत असतं आणि ढोबळमानाने रोज एखाद तासच सरकतं. पश्चिमेकडे गेलात तर पहाटे लवकर जाग येणार, पूर्वेकडे गेलात तर रात्री लवकर डोळा लागणार नाही. अशा वेळी कानात बोळे घालून काही साधत नाही. दिवसा उजेडात फिरणं, दुपारी लांब न झोपणं आणि दुपारनंतर कॉफी टाळणं याचा जास्त उपयोग होतो. दुपारची झोप वीस मिनिटांवर गेली, की रात्रीसाठी साठत आलेली झोपेची ओढ खर्च होते, आणि ही ओढ म्हणजे गोंगाटाविरुद्धची आपली सर्वांत भक्कम भिंत.

खोली

खोली बदलता येत असेल तर आधी तेच करा, बाकी उपाय नंतर. ‘वरचा मजला द्या’ असं लोक मागतात. पण वरून रस्त्याचा आणखी लांबचा पट्टा खोलीच्या नजरेत येतो, त्यामुळे वाटतं तेवढा फायदा होत नाही. रस्त्यासारख्या लांबट उगमापासून अंतर दुप्पट केलं तरी आवाज जेमतेम ३ डेसिबल उतरतो. मधे अख्खी इमारत आली तर मात्र खूप फरक पडतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या ध्वनिविषयक निर्देशात ‘शांत बाजू’ अशी संज्ञाच आहे: सर्वांत गोंगाटाच्या बाजूपेक्षा २० डेसिबलहून अधिक शांत असलेली त्याच इमारतीची बाजू. म्हणून खोली आतल्या चौकाकडची मागा. दृश्य मिळणार नाही, झोप मिळेल. लिफ्टला लागून नको, माल उतरवायच्या दारावर नको.

मग खिडकी. आवाज पाण्यासारखा फटीतून शिरतो. भिंत कितीही भक्कम असू दे, तिचा शंभरावा भाग उघडा राहिला की तिची सगळी अडवण २० डेसिबलच्या आसपास येऊन थांबते. कडी पूर्ण बसली आहे का ते हाताने दाबून पाहा. काचेच्या कडेने बोट फिरवा, गार हवा लागते तिथून आवाजही येतोय. दाराखालच्या फटीला टॉवेलची घट्ट गुंडाळी लावली की जिन्यातली बोलणी बरीच बुजतात. पडदा उजेड अडवतो आणि खोलीतला घुमारा थोडा शोषतो, बाहेरचा आवाज फारसा अडवत नाही. आणि खालच्या क्लबमधला धमधमाट असेल तर या कशानेच भागत नाही. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास ७ मीटर असते, ती अख्खी भिंत हलवत आत येते. तिथे खोली बदलणं हाच उपाय.

बोळे आणि सळसळ

स्पंजाचे इअरप्लग स्वस्त असतात आणि नीट बसवले तर कमालीचे चालतात. पाकिटावर ३० किंवा जास्त डेसिबल लिहिलेलं असतं. तो प्रयोगशाळेतला आकडा. अर्धवट खोचलेल्या बोळ्याने त्यातलं बरंचसं वाया जातं, आणि बहुतेक जण तो अर्धवटच खोचतात. बोटांत गोल-गोल वळून त्याची बारीक कांडी करा. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची वाकडी नळी सरळ होते. कांडी आत सरकवा आणि ती फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. आता स्वतःशी बोलून पाहा. आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमला तर बोळा बसला. कानात दुखणं, पू किंवा पडद्याला इजा असेल तर हा उपाय करू नका. वापरणार असाल तर झोपण्याआधी बाहेर पडायचा जिना स्वतः चालत जाऊन बघून या, आणि उठायला थरथरणाऱ्या घड्याळाचा गजर लावा.

दुसरा मार्ग सळसळीचा, वर सांगितलेला उंचवटा बुजवण्याचा. पंखा पुरतो, फोनवरचं ॲपही चालतं. व्हाइट नॉइजमध्ये सगळ्या पट्ट्यांत सारखी ऊर्जा असते, त्यामुळे तो कानाला चरचरीत लागतो. पिंक नॉइजमध्ये वरच्या पट्ट्या उतरत जातात, तो पावसासारखा वाटतो. ब्राउन नॉइज आणखी खर्जातला. त्यातला ब्राउन हा रंग नव्हे, रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून आला आहे. रहदारीची घरघर झाकायला मला तोच बरा वाटतो. फोन उशाला न ठेवता खिडकीच्या बाजूला ठेवा, म्हणजे आवाज येतो त्याच दिशेला झाकण बसतं. पातळी बोलण्यापेक्षा कमी हवी, आणि मधेच संपून सुरू होणारं ध्वनिमुद्रण नको. तो खंडच जागं करतो.

सवय झाली म्हणजे सुटलो असं नाही

सुरुवातीला सांगितलेला माझा ट्रक तिसऱ्या आठवड्यात ऐकू येईनासा झाला. माझ्या हृदयालाही तो ऐकू येईनासा झाला का? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हायना या युरोपीय प्रकल्पातल्या एका अभ्यासात चार विमानतळांजवळ वर्षानुवर्षं राहणाऱ्या १४० जणांचा रक्तदाब रात्रभर त्यांच्याच घरी मोजला. खोलीत विमानाचा आवाज ३५ डेसिबलच्या वर गेला, की झोपेतच त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी सहा अंकांनी चढायचा. हे सगळे त्या आवाजाला सरावलेले लोक होते. जाणीव सरावते, पण हृदय आणि रक्तवाहिन्या पुरत्या सरावत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०११ मध्ये हिशोब मांडला, की वाहतुकीच्या आवाजामुळे पश्चिम युरोपात दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षं वाया जातात, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा मोडलेल्या झोपेचा आहे.

म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या मुक्कामात सरावावर भिस्त ठेवायला हरकत नाही. पण वर्ष-दोन वर्षं राहायचं असेल, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी, तर ‘होईल सवय’ म्हणून गोंगाटाची खोली घेऊ नका. घर बघायला दुपारी जाल तेव्हा एकदा रात्री अकरानंतरही त्या गल्लीत जाऊन उभे राहा. त्या शहराचे रात्रीचे नियम विचारून घ्या. जर्मनीत साधारण रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ धरतात, इतर शहरांतही असे नियम असतात आणि तक्रार करायची सोय असते.

तक्रार करताना आकडे द्या. हे शिकवलं न्यूयॉर्कच्या ज्युलिया बार्नेट राइस यांनी. १९०५ च्या सुमारास हडसन नदीकाठच्या घरात त्यांना बोटींच्या शिट्ट्यांनी झोप येईना. त्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना शिट्ट्या मोजायला बसवलं. एका रात्रीत जवळपास ३,००० भरल्या, आणि त्यातल्या बहुतेक धोक्याच्या इशाऱ्याच्या नव्हत्याच. ही मोजदाद घेऊन त्या सरकारी दारं ठोठावत राहिल्या. १९०६ मध्ये त्यांनी अनावश्यक गोंगाटाविरुद्ध संस्था काढली आणि १९०७ मध्ये विनाकारण शिट्ट्या वाजवण्याला आळा घालणारा कायदा झाला.

मीही तीन रात्री उशाशी कागद ठेवून वेळा लिहिल्या होत्या: ३.४५ बाटल्या, ४.२० शटर, ५.०५ रस्ता धुणारी गाडी. पुढच्या वर्षी त्याच शहरात जायचं ठरलं तेव्हा खोली घेतानाच मी तो कागद समोर ठेवून बोलले आणि आतल्या बाजूची खोली मागितली. खिडकीतून समोरची भिंत आणि पाण्याचे पाइप दिसायचे. पहिल्या रात्री वरच्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडला तेव्हा जाग आली. पाण्याचा आवाज पाइपातून खाली उतरत गेला, मी तो ओळखला आणि पुन्हा पाठ टेकली.